चाळणीतले दोन ए

वहिनी: ठक्क झालं ते काय? भावजी, चाळीस सेकंद झाले होते! रेकॉर्डिंगसाठी खोलीची एक मिनिट शांतता टिपायची, एवढंच तर मागत होते मी.

भावजी: माझ्याकडे काय बघता, वहिनी? मी श्वास धरून बसलोय. कपाटाच्या पलीकडून आलं ते.

वहिनी: पिटू, पेन्सिल पडली का गं?

पिटू: पडली नाही. मी ठेवली. जोरात.

भावजी: घ्या! निदान खोटं तरी बोलत नाही.

वहिनी: कंटाळलं ना माझं पिल्लू? थोडंच राहिलंय. पत्रं वाचून झाली की मी तुझीच. हळू ठेवायची हं आता.

भावजी: शांतता राहू दे, शेवटी घेऊ. आधी माझं कौतुक रेकॉर्ड करा. बावीस दिवस! आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस दिवसांत एकदाही खोटा भोंगा नाही. आधी काय होतं? दार उघडं राहिलं, भोंगा. वीज लुकलुकली, भोंगा. उंदीर शिंकला तरी भोंगा.

वहिनी: मला सांगताय? तुमचे दादा जेवताना तेच ऐकवायचे. ‘आज नऊ वेळा शिडीवरून उतरलो, धाकट्याच्या कॉम्प्युटरपायी.’

भावजी: आता दादा खूश, साहेब खूश. बोर्ड हिरवागार. सगळी तुमच्या त्या चाळणी प्रोग्रॅमची कृपा. मशीन दिवसाला हजारो नोंदी ओकतं, त्यातल्या कामाच्या ओळी तेवढ्या वर, बाकी भुसा खाली. तुम्ही त्या काकांची मुलाखत घेतलीत, मी शुक्रवारी बसमध्ये ऐकली आणि ऑफिसात खुर्चीला पाठ टेकायच्या आत चाळणी टाकली.

वहिनी: काका काय, आजोबा आहेत ते. निवृत्त झाल्यावर हौसेनं लिहिली आणि देऊन टाकली सगळ्यांना. बरं, चला. रेकॉर्डिंग चालू. ‘नमस्कार मंडळी. कंस पुरा करा या पॉडकास्टमध्ये आज तुमची पत्रं. माझ्यासोबत नेहमीप्रमाणे माझे दीर...’

भावजी: ‘... आणि ज्यांच्यामुळे कंस खरोखर पुरे होतात त्या आपल्या वहिनी.’

वहिनी: पुरे लाडीगोडी. ‘पहिलं पत्र एका ग्रंथपाल बाईंचं. त्या लिहितात, मी चाळणी घरच्या कॉम्प्युटरवर टाकली आणि वाचनालयातही. पण तीच फाईल दोन्हीकडे चाळली, तर घरी दोनशे बारा ओळी मिळतात आणि वाचनालयात दोनशे नऊ. माझं काय चुकतंय?’

भावजी: ‘बाई, तुमचं काही चुकत नाही. एकीकडे जुनी आवृत्ती असणार.’ पुढचं घ्या.

वहिनी: अहो, खाली अजून आहे. ‘गळालेल्या तिन्ही ओळी लाल आहेत, म्हणजे धोक्याच्या. आणि घरी मी इंग्रजी नावात दोन ए लिहिले होते, वाचनालयात एकच. दोन्ही नावांनी चाळणीच आली, म्हणून तेव्हा काही वाटलं नाही.’

भावजी: दोन्ही नावांनी?

वहिनी: असं लिहिलंय.

भावजी: रेकॉर्डिंग थांबवा जरा. आजोबांची चाळणी कुठल्या नावाची?

वहिनी: दोन एची. सी, एच, मग दोनदा ए. म्हणाले, एकच लिहिला तर माझी नात ‘चलनी’ वाचते.

भावजी: मग ही एक एची कुणाची? लॅपटॉप द्या इकडे. आजोबांच्या मुलाखतीचा भाग आपण कधी टाकला?

वहिनी: गुरुवारी सकाळी. का?

भावजी: हिचा जन्म शुक्रवारी पहाटेचा. वर्णन आजोबांचंच, शब्दाला शब्द. टाकणाऱ्याचं नाव, गाव, काही नाही. तीनशे चाळीस जणांनी घेतलीय.

वहिनी: आपलं ऐकून?

भावजी: दुसरं कोण सांगतंय चाळणीबद्दल या भाषेत?

वहिनी: भावजी, तुम्ही कुठली टाकलीत?

भावजी: ऐकू आलं तसं लिहिलं, वहिनी. एक ए.

पिटू: काका, मी हत्ती काढला. बघ ना.

भावजी: छान आहे, राणी. ठेव तिथे. वहिनी, हा कोड बघा. वर आजोबांचं सगळं जसंच्या तसं, स्वल्पविरामसुद्धा. आणि शेवटी या चाळीस ओळी जास्तीच्या. मशीनवरचे पासवर्ड उचलायचे आणि कुठेतरी बाहेर पाठवायचे.

वहिनी: मग लाल ओळी कशाला गाळायच्या?

भावजी: चोरी करताना कुठे अडखळला, तर मशीन ते लाल ओळीत नोंदवतं. आपली लाल कुठली आणि दुसऱ्याची कुठली, हे निवडत बसायचा कंटाळा केलाय. दिसली लाल की गाळ. सरसकट.

वहिनी: आणि हे काय? त्या चाळीस ओळींच्या डोक्यावर?

भावजी: ते सोडा. कॉमेंट आहे. मशीन ती वाचत नाही.

वहिनी: मराठीत आहे. सरका, वाचू दे मला. ‘वहिनी, स्पेलिंग सांगायचं राहिलं तुमचं.’

भावजी: नका मनाला लावून घेऊ.

वहिनी: मला वहिनी म्हणतोय हा.

भावजी: मी म्हणतो ना दर भागात. ऐकणारे सगळेच म्हणतात. आपलाच कुणीतरी आहे. घरी बसून, कानात इयरफोन घालून, शांतपणे ऐकणारा.

वहिनी: पण राहिलं नव्हतं माझं! अक्षर न् अक्षर सांगितलं होतं मी. आपला नियमच आहे तो. कानाला डोळे नसतात, हे मीच तर सारखं म्हणते.

भावजी: मी दोनदा ऐकलाय तो भाग. त्यात नाहीये.

वहिनी: थांबा, मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. हं, इथे कुठेतरी... हे घ्या, ऐका.

(स्पीकरवर तिचाच आवाज येतो: ‘तर लिहून घ्या, सी, एच, मग ए दोनदा...’ आणि अक्षरांवरच पडलेली एक बारीक हाक: ‘आईऽऽ! ए आईऽऽ! झालं का गं?’)

पिटू: ती मी आहे! आई, ती मी आहे! पुन्हा लाव.

वहिनी: अकरा सेकंद. हिची हाक नेमकी अक्षरांवर पडली होती. वेगळी काढता येईना. पुन्हा बोलायला हवं होतं, पण ही तापानं फणफणलेली, मांडीवरून उतरेना. एका हातानं कापलं मी ते. म्हटलं, एवढंसं तर आहे. ज्याला हवं तो शोधून घेईल.

भावजी: वहिनी.

वहिनी: तीनशे चाळीस जण, भावजी.

भावजी: वहिनी, ऐका. भोंगा.

वहिनी: कसला भोंगा?

भावजी: आमचा भोंगा चाळणीच्या पुढे जोडलाय मी. खोटे इशारे गळून जावेत म्हणून. चाळून आलेली लाल ओळ दिसली तरच तो वाजतो.

वहिनी: आणि तुमची चाळणी लाल ओळ सोडतच नाही.

भावजी: बावीस दिवस. आणि मी पेढे... मी मिरवत होतो. थांबा, न चाळलेल्या नोंदी घरून दिसतात मला. उघडतोय.

वहिनी: पिटू, दाराकडे जाऊन बस, राजा. हत्तीला रंग दे.

पिटू: हत्तीला रंग नसतो.

वहिनी: मग त्याच्या घराला दे.

भावजी: पहिली लाल सहा दिवसांपूर्वीची. चार नंबरची खोली. अमोनिया, गारवा करणारा गॅस, गळतोय. मग दुसऱ्या दिवशी दोन. परवा सात. काल एकोणीस. आज... आज पानभर आहेत, वहिनी. वर वरच चाललंय.

वहिनी: वास नाही का येणार? नाकाला झोंबतो ना तो?

भावजी: थोडा थोडा आला की माणसं सवयीनं सोसतात. आणि एकदम सुटला, तर वास घ्यायलाही वेळ मिळत नाही.

वहिनी: तुमचे दादा चार दिवस म्हणत होते, डोळे चुरचुरतात. मी म्हटलं, मोबाईल कमी बघा.

भावजी: दादा आज कुठे आहे?

वहिनी: सकाळी डबा भरताना म्हणाले... भावजी, ते म्हणाले, चार नंबरच्या पंख्याला आवाज येतोय, आज तो उघडून बघतो.

भावजी: फोन लावा त्याला.

वहिनी: लावलाय. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’

भावजी: त्या जाड भिंतींत रेंज येतच नाही. मी निघतो. तुम्ही गेटवरच्या फोनला लावत राहा, मी रस्त्यातून अग्निशमनला लावतो.

वहिनी: इथून भोंगा वाजवता येत नाही? तुम्हीच तर जोडलाय!

भावजी: घरून नुसतं बघता येतं. हात लावायची परवानगी नाही. ती अटही मीच घातली होती, सुरक्षेसाठी. चप्पल कुठेय माझी? जाऊ दे.

पिटू: काका अनवाणी गेला.

वहिनी: हो.

पिटू: त्याला सांगू का?

वहिनी: नको. इकडे ये. माझ्याजवळ बस. हॅलो? हॅलो, गेट का? मी मिस्त्रींच्या घरून बोलतेय. ते कुठे आहेत? ... चार नंबरलाच? कधी गेले? ... तासभर? आणखी कोण आहे सोबत? ... ऐका, भाऊ, नीट ऐका. तिथे गॅस सुटलाय. मास्क नसेल तर तुम्ही आत जाऊ नका. हातानं वाजवायची घंटा असेल ना, ती वाजवा. सगळ्यांना बाहेर काढा. साहेबांना म्हणावं, मेन व्हॉल्व्ह बंद करा. ... नाही हो, बोर्डावर हिरवं दिसतंय ते खोटं आहे! हिरवं खोटं आहे, भाऊ! ... हो. हो, धरते मी. फोन ठेवू नका. नुसता बाजूला ठेवा.

पिटू: कोण बोलतंय?

वहिनी: कोणी नाही. वॉचमनकाका पळत गेलेत. त्यांचा फोन टेबलावर पडलाय.

पिटू: मग तू काय ऐकतेस?

वहिनी: घंटा वाजते का, ते.

पिटू: वाजली?

वहिनी: अजून नाही. पिटू, जरा गप्प बस ना, सोन्या.

पिटू: मी गप्पच आहे. किती वेळची.

वहिनी: हो गं. शहाणी आहेस तू.

पिटू: आई.

वहिनी: काय?

पिटू: त्या दिवशी मी हाक मारली नसती, तर काकाचा भोंगा वाजला असता?