एका मापाच्या चिकटपट्ट्या

आमच्या वाद्यवृंद मंडळाच्या अध्यक्षा पिरोश्कामावशी, व्यासपीठावरचे नगराध्यक्ष, आज निवृत्त होणारे आमच्या वाद्यवृंदाचे संचालक गेलेर्त साहेब, आणि मागे पोगाच्याच्या, त्या खारट पावांच्या, टोपल्यांवर डोळा ठेवून बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

साहेबांविषयी चार गोड शब्द बोल, असं मला बजावलंय. वेळेवर आले, वेळेवर गेले. झाले चार. आता पुढचं.

मी वाइनची लाकडी पिंपं बांधणारा माणूस. व्हायोला, ही व्हायोलिनची थोरली बहीण, कानानं शिकलो. आम्हा चौघा व्हायोलावाल्यांचे सूर हलतात, म्हणून साहेबांनी दोन वर्षांपूर्वी उपाय काढला. स्वतःच्या व्हायोलावर माप घेतलं आणि चौघांच्याही तारांखाली त्याच अंतरांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या डकवल्या. "बोट पट्टीवर, डोळे माझ्यावर!"

आता मला सांगा, सगळे व्हायोला एका मापाचे असतात का? आमच्या चौघांतली पोरगी ओर्शोल्या, तिचा व्हायोला तिच्या आजोबांचा, साहेबांच्यापेक्षा चांगला दोन बोटं लांब. एका पिंपाचं झाकण दुसऱ्याला ठोकून पाहा, सगळी वाइन जमीनच पिईल!

पोरगी पट्टीवर बोट ठेवी आणि सूर उतरलेला येई.

"ओर्शोल्या, दारात मांजराची शेपटी अडकलीय का?"

"साहेब, बोट पट्टीवरच आहे."

"मग बोटच जाड असेल तुझं!"

सगळे हसले. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते. पुढच्या आठवड्यात साहेबांनी वाद्यवृंदातून तिची खुर्ची काढली. मी माप सांगायला गेलो, तर साहेब म्हणाले, "बालिंतकाका, तुम्ही पिंपं बघा."

बघितली की! तिला माझ्या कारखान्यात बोलावलं, पट्ट्या खरवडून काढल्या. म्हटलं, "बाळ, तिसरं बोट नेमकं पडलं, की शेजारची जाड तार न छेडता आपणहून थरथरते. ती थरथरेपर्यंत बोट सरकव. घाई नको." सबंध हिवाळा ती रोज एकेक सूर असा शोधत बसली. साहेब, बावीस वर्षांत तुम्ही आम्हाला बघायला शिकवलंत. ऐकायला कधी?

या पाकिटात त्याच पट्ट्या आहेत. निरोपाच्या शालीबरोबर घरी न्या.

पिरोश्कामावशी, तिला परत घ्यायचं की नाही, हे आता तुमच्या हातात आहे. माझ्या शब्दावर जाऊ नका. ती दाराशी उभी आहे. आधी ऐका, मग ठरवा.

एवढं ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. माझं काही चुकलं असेल, तर म्हातारा म्हणून सोडून द्या. तिचं चुकलं तर मात्र सोडू नका. तेवढा मान तिला द्या.

ये गं पोरी. आजोबांचा व्हायोला घेऊन, पुढे ये.