ताईच्या वॉर्डाखालचा ड्युअल कोअर

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या अभियंता बाई, आणि डोक्यावर पंखा नसतानाही चिकाटीने बसून राहिलेले सभागृहातील सर्व सज्जनहो,

बाईंच्या हाताखाली नकाशे काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. पण बोलायचं तर त्यांच्या लॅपटॉपपासूनच सुरुवात करायला हवी. जुन्या लॅपटॉपचा खाक्या आठवतो का कुणाला? इमारतीच्या भाराचं गणित घातलं, की दीड तास स्वारी गप्प! मध्येच कुणी बटण दाबलं, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही त्याच्यावर पिवळा नॅपकिन पांघरायचो. नॅपकिन दिसला, की मोठे साहेबसुद्धा हात मागे बांधून उभे!

मग ड्युअल कोअरचा नवा लॅपटॉप आला. त्याच आठवड्यात एका दुपारी इस्पितळातून फोन: हृदयाच्या वॉर्डाखालच्या बीमला तडा गेलाय. त्या वॉर्डात माझी ताई होती, ऑपरेशनला जेमतेम एक दिवस झालेला. बाकीचे पेशंट हलवले. तिच्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "हलवलं तर जिवावर बेतेल." आणि नाही हलवलं तर?

बाई नवा लॅपटॉप घेऊन तडक त्या बीमखाली जाऊन बसल्या, गणित सुरू केलं. आणि मी? मी सवयीने नॅपकिन पांघरला!

"अहो, काढा तो! याच्या आत आता दोन मेंदू आहेत. एकाला गणित करू द्या, दुसऱ्यावर तुम्ही टेकूंचा नकाशा काढायला घ्या."

"बंद पडला तर, बाई?"

"नाही पडत. काढा."

नॅपकिन काढून मी पहिली रेघ ओढली. उमटली, मित्रहो! आणि कोपऱ्यात गणित पुढे सरकतच होतं, तेहतीस टक्के, चौतीस टक्के... मी तोंडात बोटच घातलं. असलं काही उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. गणित संपलं तेव्हा नकाशा तयार होता, आकडे तेवढे भरले. शेवटचा टेकू बसला आणि दहाच मिनिटांत बीम करकरला. टेकूंनी भार झेलला. जुना लॅपटॉप असता, तर मी तेव्हा कुठे पहिली रेघ ओढत असतो! वर ताई गाढ झोपली होती.

तिला धक्का बसेल असं काही सांगू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढे माझीच जीभ रेटली नाही. ताई तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि हे सगळं आज पहिल्यांदाच ऐकते आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यातलं उणंदुणं सभागृहाने पोटात घालावं. आणि अठरा वर्षं लपवलं त्याची माफी, ताई, तुझ्याकडे मागतो. रडू नकोस गं. ऊठ, वर ये. बाईंचे आभार मी एकट्याने किती वर्षं मानायचे?