दोन बटणं आणि उलटं घर

...नाही पण मला सांगा, या माऊसला बटणं दोनच ना? दोनच! मग माणसाचा एवढा छळ कशाला? तुम्हाला सांगते, जन्मभर पेन्सिल धरून घरांचे नकाशे काढले, कधी रेघ हलली नाही, आणि आता साहेब म्हणतात, "बाई, कॉम्प्युटरवर काढा, एकदम सोप्पं! डावं दाबलं की भिंत पकडता येते, उजवं दाबलं की यादी उघडते, मधलं चाक फिरवलं की घर जवळ येतं, चाक दाबलं की सरकतं, आणि डावं-उजवं एकदम दाबून ओढलं की घर गोल फिरतं!" अहो, घर आहे की भोवरा? बटणं दोनच हो, पण नखरे बघा!

त्यात परवा आलं एक जोडपं. कित्येक महिने एकाच गोष्टीवर अडलेलं! तिला स्वयंपाकघर रस्त्याकडे हवं, त्याला मागे. एकमेकांशी बोलणंच बंद, सगळं आमच्यामार्फत. "यांना सांगा, येणाजाणाऱ्याला आमची खरकटी भांडी दिसतील." "यांना सांगा, भांडी मी घासते!" आणि साहेब माझ्या कानाशी, "बाई, हे गेले तर दुसरं काम नाही आपल्याकडे... घर फिरवून दाखवा!"

दाबली दोन्ही बटणं. रस्ता होता तिथेच, नुसतं घर गर्रकन फिरलं... आणि स्वयंपाकघर बरोब्बर रस्त्यावर! ती किंचाळली, "हेच! हेच तर मी म्हणत होते!" साहेब पुटपुटले, "सोडू नका!" कारण बोटं उचलली की घर परत जागेवर. झालं! मी पुतळ्यासारखी बसलेय, ती पडद्यांचे रंग ठरवतेय, नवरा छताकडे बघतोय, माझ्या बोटांना मुंग्या आल्यात, आणि नेमकं तेव्हाच नाक हुळहुळायला लागलं! बटणं दोनच हो, पण हात अडकला ना!

आऽऽक्छी!... घर उलटं! पाया वर, छप्पर खाली. साहेब पांढरेफटक. आणि तो नवरा... हसला हो! थेट बायकोकडे बघून म्हणाला, "घे, कर आता स्वयंपाक!" ती म्हणाली, "आधी डोक्यावर उभं राहायला शिकवा!" आणि दोघं असे हसत सुटले, असे हसत सुटले, की डोळ्यांत पाणी! हसता हसताच ठरलं, स्वयंपाकघर रस्त्याकडे, खिडकी मात्र उंचावर. काम आपल्यालाच!

ते गेल्यावर साहेब विचारतात, "बाई, नेमकं काय दाबलंत?" म्हटलं, "दाबलं कप्पाळ! नुसती शिंकले!"

आता भांडणारं गिऱ्हाईक आलं, की साहेब मला माऊसपाशी बसवतात आणि हळूच मिरपुडीची डबी पुढे सरकवतात. काय करता? नोकरी आहे... घेते शिंकून!