बिनवासाचं पेट्रोल

आमच्या हिला खूश कसं करावं, ते अजून कळलं नाही राव. मी चेनसॉनं झाडं कापतो, त्यामुळं शर्टाला कायम पेट्रोलचा वास. दारात पाऊल टाकलं की ही ओरडणार, "आधी आंघोळ!"

परवा चाकणच्या एका कंपनीत फांद्या छाटायला गेलो. तिथल्या साहेबांनी मशीनमध्ये अल्किलेट नावाचं खास पेट्रोल भरायला दिलं. धूर कमी, वास जवळजवळ नाहीच. म्हटलं, आज कौतुक होणार!

घरी आलो, तर हिनं शर्ट हुंगला. "कामाला गेलाच न्हाई व्हय? पत्ते कुटत बसला व्हता?"

सगळं समजावलं, तरी तोंड फुगलेलंच.

"अगं, तुलाच वास नको होता ना?"

"नकोच व्हता. पण गल्लीत वास आला की मी चहा टाकते. आता कशाच्या भरवशावर टाकू?"