घेतलेली जागा सोडताना

...व्यापलेली! म्हणे जागा व्यापलेली आहे! अहो पण कुणी व्यापलीये? तर आम्हीच! म्हणजे बघा हं, बसमध्ये खिडकीशी रुमाल टाकून खाली उतरलात, परत चढलात, आणि स्वतःच्याच रुमालाकडे बघून कंडक्टरशी भांडताय, "इथं कोण बसलंय हो?" ...तसं! हुबेहूब तसं! तुम्हाला सांगतो, घेताना सगळ्यांना आठवतं, सोडताना कोण बघतो?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल, याचं डोकं फिरलंय. मी ड्रायव्हर लिहितो. गाडीचा नव्हे! यंत्र आणि कॉम्प्युटर, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही, तर दोघांच्या मध्ये बसून समजूत काढणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. त्यानं सुरू होताना मेमरीतली जागा मागून घ्यायची, "एवढी माझी, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," आणि बंद होताना परत करायची. भाड्याच्या घरासारखं आहे हो, साधं! आणि आमच्या रक्त तपासायच्या यंत्राचा ड्रायव्हर जागा घ्यायचा... आणि सोडायचाच नाही! लिहिणारा महाभाग कंपनी सोडून गेला, गळ्यात कुणाच्या? माझ्या!

बरं, यंत्र बसवलं कुठं? जगात एवढ्या लॅब पडल्यात... बसवलं माझ्या बायकोच्या लॅबमध्ये! तिथल्या मोठ्या मॅडमना हिनं छातीठोक सांगितलं, "घ्या मॅडम, यांच्याच कंपनीचं आहे. काही झालं तर हे आहेत ना!" हे आहेत ना! मी तेव्हा घरी कपडे वाळत घालत होतो, मला विचारलं होतं कुणी?

आणि झालं! यंत्रातली औषधाची बाटली संपली की प्रोग्रॅम बंद करायचा, बाटली बदलायची, प्रोग्रॅम पुन्हा लावायचा. पुन्हा लावला की... जागा व्यापलेली! मग अख्खा कॉम्प्युटर बंद करा, चालू करा, तेव्हा कुठं मेमरी साफ होऊन गाडं पुढं सरकणार. तोवर बाहेर उपाशीपोटी रक्त देऊन बसलेले लोक खिडकीशी येऊन विचारणार, "अजून किती वेळ?" आणि उत्तर कुणी द्यायचं? हिनं!

मग त्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन आला. "अहो, जरा येता का?" ...अहो! एरवी लग्न झाल्यापासून 'अरे'! 'अहो' आलं की समजायचं, शेजारी कुणीतरी उभं आहे आणि प्रकरण गंभीर आहे. मागून मॅडमचा आवाज, बर्फासारखा थंड, "त्यांना सांगा, आज नीट चाललं नाही तर यंत्र परत. आणि यापुढं तुमची शिफारस मला नको." नोकरीचं सोडा, नोकऱ्या मिळतात! पण हिनं तिथं वर्षानुवर्षं कमावलेला शब्द माझ्यापायी जाणार, ह्याची मला खरी भीती वाटली.

बसलो. बंद होताना जागा सोडायची ओळ घातली. मग म्हटलं, सुरू होताना काही अडलं तरी सोडू दे, सोडण्यात कसली चूक? घातली तिथंही! घेताना सगळ्यांना आठवतं, सोडताना कोण बघतो? तर मी बघतो! असा ताठ मानेनं लॅबमध्ये गेलो.

ही समोर, मॅडम समोर, हाताची घडी. नवा ड्रायव्हर चढवून प्रोग्रॅम लावला, बंद केला, पुन्हा लावला... नाही म्हणाला. घाम! परत लावला... लागला! मी हसलो. मॅडम हसायच्या बेतात. आणि यंत्राच्या पोटातला पंखा जो सुटला... भर्रर्रर्र! रिपोर्ट उडाले, मॅडमचा चष्मा सरकला, हिनं कपाळाला हात लावला!

काय झालं होतं, सांगतो. जुन्या महाभागानं जागा मागितली होती वारेमाप. लागते एक खोली, यानं धरला अख्खा मजला, पुढंमागं लागली तर असू दे! त्यातच पंख्याची जागा. पंख्याचा ड्रायव्हर वेगळा, तो बिचारा रोज दाराशी उभा, कधी मोकळी होते म्हणून. मी प्रथमच सोडली, हा टुणकन आत! मग माझा गेला, अडला, आणि मी शिकवल्याप्रमाणे जागा सोडली... कुणाची? पंख्याची! स्वतःचा रुमाल उचल म्हटलं तर शेजाऱ्याचा फेकून दिला! आता दोघं एकाच जागेवर लिहितायत, माझा म्हणतोय रक्त मोज, पंखा म्हणतोय फिरतो!

"हे... असंच चालतं का?" मॅडम. "नाही, म्हणजे... अहो, बघा ना जरा," ही. त्या 'जरा'त रडू होतं हो.

तिथंच स्टुलावर बसलो. लागेल तेवढीच जागा मागितली. आपण घेतली असेल तरच सोडायची, दुसऱ्याच्या जागेला हात लावायचा नाही. लहानपणी आई हेच सांगायची, तेव्हा मनावर घेतलं नाही! लावला, बंद केला, लावला, बंद केला... चाललं! पंखा शांत. मॅडम हिला म्हणाल्या, "ठीक आहे, ठेवू या." हिचा चेहरा असा खुलला, मला भरूनच आलं.

परवा सहज हिला न्यायला गेलो. बाटली संपली होती. बघतो तर ही अख्खा कॉम्प्युटर बंद करून चालू करतेय! म्हटलं, "अगं, आता नाही लागत! मी दुरुस्त केलंय!"

"हो रे, माहितीये. मीच सगळ्यांना सांगितलंय, माझ्या नवऱ्यानं दुरुस्त केलंय म्हणून." आणि बटण दाबत म्हणाली, "पण उगाच कशाला विषाची परीक्षा?"

घ्या! कॉम्प्युटरच बंद केला तर मेमरी आपोआप साफ, माझ्या ओळीला कोण विचारतो? घेताना सगळ्यांना आठवतं, सोडताना कोण बघतो! तुम्हाला सांगतो, एवढ्या घामानं लिहिलेली ती ओळ, त्या दिवसापासून एकदासुद्धा चाललेली नाही. जागा सोडायची ओळ हो... आणि तीच आता जागा अडवून बसलीये!