खुर्चीखालची जागा

एवढा लष्करातला वैमानिक, पण चार माणसांत बसायची रीत नाही! कमरेला पट्टा बांधून तो एक्स-रेच्या रांगेत बसला होता आणि आपली बॅग त्याने बाकाखाली अशी कोंबली होती की शेजारच्या म्हातारीला पाय मागे घेता येईनात. ती सुनावणारच होती, तेवढ्यात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक त्याला शोधत आला.

"साहेब, अपघातात हेलिकॉप्टरमधली तुमची खुर्ची अडकली असं तुम्ही चौकशीत लिहून दिलंत?"

"अडकलीच ना."

"हेलिकॉप्टर आदळलं की ती वीतभर खाली बसते आणि दणका स्वतः खाते. त्यासाठीच खालची जागा मोकळी सोडलेली असते."

"मला शिकवतोस?"

"त्या जागेत तुमची बॅग होती. चेंदामेंदा मीच ओढून काढला. त्याआधी तीनदा बाहेर काढून ठेवली होती."

"सगळेच ठेवतात रे."

"सगळ्यांची पाठ नाही मोडली."

"हे बघ, बॅगेचं निघालं तर माझं उडणं बंद."

"आणि खुर्चीचं निघालं तर माझी नोकरी जाते. ती मी बसवली होती."

"तुला काय, दुसरी मिळेल."

म्हातारीने पायाने बॅग बाहेर ढकलली.

"ए बाबा, तुझ्या पाठीसाठी सोडलेली जागा तूच भरलीस, आता ह्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. जा, कागद बदलून ये. आणि ही नवी बॅग आधी मांडीवर घे."