दवनीवाड्याची उधई

आमच्या दवनीवाडा गावातल्या घराच्या कुंपणाचं तुम्हाला सांगितलं नाही का? बांबूचं होतं. दर हिवाळ्यात त्यातला एकेक बांबू कमी व्हायचा. शेजारचे धनलालकाका आपल्या शेकोटीशी बसूनच बाबांना समजवायचे, "उधई खाते जी. आपल्या मातीतच आहे."

शेवटी बाबांनी नागपूरहून पांढरं प्लास्टिकचं कुंपण मागवलं. दुकानदार म्हणाला होता, रंग नको, डागडुजी नको, उधईचं, म्हणजे वाळवीचं, तर नावच नको.

थंडी पडली. एका सकाळी काका खोकत खोकत आले. हातात आमच्या कुंपणाची काळी पडलेली पट्टी होती.

"असा कुंपन काऊन लावला जी? पेटतच नाही. निस्ता धूर होऊन राहिला."

बाबांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "म्हणजे उधईले पचलं नाही."